घरात पहिली पेटी येते तेव्हा

शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलगी एखादे गाणे म्हणते, टाळ्या पडतात, आणि दुसऱ्या दिवशी शिक्षिकेचा निरोप येतो की हिला गाणे शिकवा. गावातील एखाद्या वर्गात नाव घातले जाते. महिना-दोन महिने जातात आणि गुरुजी म्हणतात, "आता घरी रियाजाला पेटी हवी." येथवर सारे आनंदाचे असते. येथून पुढे वडील पगाराच्या हिशेबाकडे पाहू लागतात, आई घरातील एकमेव रिकाम्या कोपऱ्याकडे पाहते आणि आजोबा सांगू लागतात, की आमच्या वेळी पेटी देवळात असे, घरात कोणी आणीत नसे.

वाचकहो, हा प्रश्न आपल्या घरी आज नसेल. उद्या येण्याचा संभव आहे. आपण कोणत्याही प्रांतात राहात असा, जे वाद्य प्रथम घरात येते ते बहुधा हेच असते. बंगालात शेजारच्या घरातून सायंकाळी हार्मोनियमचे सूर येतात; पंजाबात गुरुद्वाऱ्यातील कीर्तनात तिला 'वाजा' म्हणतात; आपल्या भजनी मंडळांत आणि नाटकमंडळ्यांत ती 'पेटी' झाली आणि विद्वानांनी तिला 'संवादिनी' असे सुरेख नाव दिले. दक्षिणेकडे तिची धाकटी बहीण, पट्ट्या नसलेली श्रुतिपेटी, आधार-सूर धरून बसते. म्हणून या लेखात मुख्यतः पेटीविषयीच लिहितो. इतर वाद्यांचा उल्लेख शेवटी थोडक्यात येईल.

प्रथम माझीच फजिती सांगतो.

आमची तेव्हा जबलपुरास बदली झाली होती. मुलगी आठ वर्षांची. एका रविवारी तिला घेऊन बाजारात गेलो आणि पहिल्याच दुकानात जी पेटी तिला आवडली ती घेतली. पेटी दिसावयास अत्यंत देखणी होती. मागच्या फळीवर जाळीचे नक्षीकाम, त्याआड लाल कापड, समोर नऊ पितळी खुंट्या आणि लाकडावर आरशासारखा रोगण. दुकानदाराने स्वतः एक चित्रपटगीताची धून अशा काही सफाईने वाजवून दाखविली, की मला वाटले हे वाद्य आपोआपच वाजते. मी पैसे मोजले. मुलगी पेटीवर हात ठेवून रिक्षात बसली.

त्या पेटीतील एक सूर उतरलेला होता. फार नव्हे, थोडासाच. पण दैवयोग असा, की मुलीचा षड्ज जेथे होता तेथून मोजता नेमका तिचा मध्यम त्या पट्टीवर येई. ती रोज सकाळी अर्धा तास त्या मध्यमात आपला गळा मिळवू लागली. लहान मुलाचा कान ओल्या मातीसारखा असतो. जे समोर येईल त्याचा ठसा तो घेतो. वर्गात गुरुजी तानपुऱ्यावर गावयास लावीत आणि मध्यमापाशी तिला थांबवीत. "बाळ, थोडा चढव." ती घरी येई, पेटीवर मध्यम दाबून पाही, आणि तिला कळेनासे होई, की आपण तर बरोबर तेथेच लावतो. असे कित्येक महिने चालले. मग ती गाताना मध्यमाआधीच आवाज बारीक करू लागली. एके दिवशी म्हणाली, "बाबा, माझा गळाच चांगला नाही," आणि तिने वर्गाला जाणे सोडले. आम्ही तिला आळशी म्हटले. हे लिहिताना आजही लाज वाटते.

पुढे कधी तरी गुरुजी सहज घरी आले. चहा होईपर्यंत त्यांनी कोपऱ्यातील पेटी पुढे ओढली, दोन-चार सूर वाजविले, त्या पट्टीवर बोट ठेवले आणि थांबले. पुन्हा दाबली. त्यांनी माझ्याकडे पाहिले. बोलले काहीच नाहीत. मुलगी दारात उभी होती. तिला सारे कळले होते.

तेव्हा पेटी घेणे ही केवळ पैशाची बाब नव्हे, एवढे ध्यानात घेऊन पुढील मजकूर वाचावा.

पेटीचा आवाज येतो कोठून?

वस्तू कशी चालते हे ठाऊक असले म्हणजे ती पारखता येते. पेटीच्या पोटात पितळेच्या पातळ जिभा असतात. कारागीर त्यांनाच 'सूर' म्हणतात. प्रत्येक जीभ एका पट्टीच्या खाचेवर एका टोकाने जखडलेली आणि दुसऱ्या टोकाने मोकळी असते. खाचेतून हवा गेली म्हणजे ती थरथरते आणि नाद होतो. लांब जीभ खालचा सूर देते, आखूड जीभ वरचा. हाताने हालविण्याचा भाता बाहेरची हवा आत लोटतो. आत स्प्रिंगने दाबलेला दुसरा भाता असतो, तो ही हवा साठवून सारख्या दाबाने पुढे सोडतो. बोटाने पट्टी दाबली, की तिच्या मागील टोकाची झडप उघडते आणि त्या सुराला हवा मिळते. बोट उचलले, की झडप बंद. सारे यंत्र एवढेच आहे. या सुरांच्या निर्मितीसाठी सौराष्ट्रातील पालिताणा हे गाव प्रसिद्ध आहे. शत्रुंजयाच्या यात्रेसाठी ते आपणांस ठाऊक असेल, परंतु देशातील असंख्य पेट्यांचा कंठ तेथे घडला आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते.

हे वाद्य मूळचे आपले नव्हे. पॅरिसच्या अलेक्झांडर डेबेन याने १८४२ साली हार्मोनियमचा हक्क नोंदविला. ती पायाने भाता हालवावयाची, खुर्चीवर बसून वाजवावयाची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तिला हाताचा भाता दिला आणि जमिनीवर मांडी घालून वाजविता येईल असे रूप दिले. तेव्हापासून ती आपली झाली. पण मानाने झाली असे मात्र नाही. तिला मींड काढता येत नाही, तिचे स्वर आपल्या श्रुतींशी जुळत नाहीत, हे तिच्यावरील आक्षेप जुने आहेत. रवींद्रनाथ ठाकुरांनाही ती मान्य नव्हती. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली तिला आपल्या कार्यक्रमांतून बाहेर ठेवले आणि हा निर्बंध १९७१ पासून हळूहळू सैल होत गेला. त्याच काळात आणि त्याच्या आधीही गोविंदराव टेंबे, विठ्ठलराव कोरगावकर, पी. मधुकर यांच्यासारख्यांनी पेटी बोलकी केली. पुढे अप्पा जळगावकरांनी मोठमोठ्या गायकांच्या साथीत ती मानाला चढविली, आणि मूळचे गोव्याचे तुळशीदास बोरकर यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली.

आक्षेपांत तथ्य आहे, आणि ते पालकांनी जाणून असावे. आजच्या पेटीचे बारा सूर सारख्या अंतरावर बसविलेले असतात. त्यामुळे तिचा शुद्ध गांधार तानपुऱ्यातून उमटणाऱ्या गांधारापेक्षा किंचित चढा असतो. जाणत्या गुरुजींनी आपल्या मुलास "आज पेटी बाजूला ठेव, तानपुऱ्यावर गा" असे सांगितले, तर घेतलेले पैसे वाया गेले असे मानू नये. पेटी ही पांगुळगाडा आहे. मात्र पांगुळगाड्याचे एक चाक वाकडे असले तर काय होते, ते वर सांगितलेच आहे.

दुकानात गेल्यावर

एकटे जाऊ नये. गुरुजी आले तर उत्तम. न आले तर त्यांचा एखादा मोठा विद्यार्थी, किंवा भजनी मंडळातील पेटीवाले काका. दुकानदाराची धून नम्रपणे नाकारावी. द्रुत लयीत वाजणाऱ्या धुनेत कोणताही दोष लपतो. मी त्यातच फसलो.

प्रथम भाता पाहावा. समोरच्या खुंट्या, ज्यांना कारागीर 'स्टॉप' म्हणतात, त्या सर्व बंद कराव्यात. भाता चार-पाच वेळा हळू हालवून आत हवा भरावी आणि हात काढून घ्यावा. आतला भाता लगेच खाली बसत गेला, तर हवा कोठे तरी गळते आहे. मग मुख्य खुंटी ओढावी आणि एकही पट्टी न दाबता कान देऊन ऐकावे. पेटी गप्प असली पाहिजे. दूर कोणी कण्हत असल्यासारखा बारीक सूर ऐकू आला, तर कोणती तरी झडप नीट बसलेली नाही. यानंतर भाता पूर्ण भरून एक मधली पट्टी दाबून धरावी, आणि सूर किती वेळ टिकतो ते मनात अंक मोजून पाहावे. हीच परीक्षा शेजारच्या दुसऱ्या पेटीवर करावी, पट्टी तीच ठेवून. किती अंक म्हणजे चांगले, असा नियम सांगता येत नाही, परंतु दोन पेट्यांतील फरक आपणांस तत्काळ कळेल. ज्या पेटीस वारंवार भाता मारावा लागतो, तिच्यापुढे आठ-नऊ वर्षांचे मूल दहा मिनिटांत थकते आणि आपण म्हणतो, त्याला आवड नाही.

मग सर्वांत खालच्या पट्टीपासून सर्वांत वरच्या पट्टीपर्यंत, काळ्या आणि पांढऱ्या दोन्ही, एकेक पट्टी सावकाश आणि हलक्या बोटाने दाबावी. घाई करू नये. दुकानदार चुळबुळ करील, करू द्यावी. प्रत्येक सूर बोट पडताच बोलला पाहिजे. काही सूर ओढल्यासारखे उशिरा येतात, काही जोर केल्याशिवाय येतच नाहीत, काहींत फुरफुर असते. खालचे सूर वरच्यांना झाकून टाकतात काय, तेही ऐकावे. पट्टी दाबताना लाकडावर लाकूड आपटल्याचा खटखट आवाज येऊ नये. दोन पट्ट्यांमधील फटी सारख्या असाव्यात, आणि बोटाने बाजूस ढकलल्यास पट्टी डुलू नये.

सुरेलपणाची परीक्षा सर्वांत महत्त्वाची, आणि तीच करण्याचा पालकांस संकोच वाटतो. संकोचाचे कारण नाही. एक पट्टी आणि तिच्या वरच्या सप्तकातील तीच पट्टी, म्हणजे 'सा' आणि तार 'सा', एकदम दाबाव्यात. दोन्ही मिळून एकच सूर वाटला पाहिजे. त्यांच्यात 'वाँव वाँव' अशी लाट उठली, तर त्यांतील एक सूर हललेला आहे. ही लाट ज्याला संगीत मुळीच कळत नाही त्यालाही ऐकू येते. सर्व पट्ट्यांची अशी जोडी लावून पाहावी. आता हातोहाती असलेल्या फोनवर सूर मोजण्याचे साधनही मिळते. त्यावर मधल्या सप्तकातील पांढरी सहा ४४० कंपनांवर आहे काय ते पाहावे आणि मग इतर पट्ट्या ताडून घ्याव्यात. त्या वेळी भाता एकसारखा चालवावा, कारण हवेचा दाब फार वाढला की सूरही जरासा हलतो. हे करण्यास पाऊण तास लागेल. वाद्य पुढील वीस वर्षे घरात राहणार आहे.

शेवटी वरचे झाकण उघडावयास सांगावे. आतील लाकूड कोरडे व एकसंध असावे. चामडे आणि नमदा कुरतडलेला नसावा. जुनी पेटी घेत असाल तर वाळवीची माती आणि उंदराच्या लेंड्या या दोन गोष्टींकडे निःसंकोच पाहावे.

आता पैसे कशासाठी देऊ नयेत, तेही सांगतो. बाजारात 'स्केल चेंजर' नावाची पेटी मिळते. तिच्यातील सारा पट्ट्यांचा संच उजवी-डावीकडे सरकतो, त्यामुळे एकाच पट्टीपासून वाजवून निरनिराळ्या स्वरांत गाता येते. साथीदाराला ती सोयीची आहे. शिकाऊ मुलाला तिचा उपयोग थोडा आणि अपाय अधिक. काळी एक असो की काळी चार, कोठूनही 'सा' धरून बोटे फिरविता येणे हेच तर त्याने शिकावयाचे आहे. शिवाय ती जड असते, आणि यंत्र जितके अधिक तितकी दुरुस्ती अधिक. 'कपलर' नावाची दुसरी एक सोय असते. तीत एक पट्टी दाबली की वरच्या वा खालच्या सप्तकातील तिची जोडीदार आपोआप दबते, आणि लहान बोटांना पट्ट्या जड होतात. तीही नको. समोर नऊ खुंट्या असल्या तरी त्यांतील कित्येक केवळ शोभेच्या असतात, हे आमच्या पेटीने मला शिकविले. तीन सप्तकांच्या ३७ पट्ट्या किंवा साडेतीन सप्तकांच्या ४२ पट्ट्या पुरेशा आहेत.

सुरांचा संच एक असावा की दोन? दोन संचांची, म्हणजे खर्ज आणि नर अशा जोडीची, पेटी भरदार वाटते आणि बहुतेक गुरुजी तीच सुचवितात. खिसा परवानगी देत असेल तर तीच घ्यावी. परंतु आपसांत भांडणारे दोन संच घेण्यापेक्षा सुरेल असा एक संच केव्हाही चांगला. तीन संचांची पेटी मुलासाठी घेणाऱ्या गृहस्थाला मी तरी ती स्वतःच्या हौसेसाठी घेतली असेच समजेन.

मुलास दुकानात बसवून पाहावे. मांडी घातल्यावर त्याचे कोपर पट्ट्यांच्या पातळीपेक्षा फार खाली जात असेल, तर खाली पाट द्यावा. पाट दुकानात न्यावयाची आवश्यकता नाही, पण घरी त्याची आठवण ठेवावी.

विकत, भाड्याने की उसनी?

येथे माझे मत स्पष्ट आहे. पहिले सहा महिने पेटी विकत घेऊच नये. मुलाची आवड किती टिकते हे पाहणे हे त्याचे एक कारण. पण त्याहून मोठे कारण हे, की त्या अवधीत आपला स्वतःचा कान तयार होतो आणि पुढे पारख करता येते.

आपल्याकडे वाद्य भाड्याने घेण्याची रूढी पाश्चात्य देशांइतकी नाही. तरी मोठ्या शहरांतील वाद्यांचे दुकानदार आणि दुरुस्ती करणारे कारागीर अनामत रक्कम घेऊन महिन्याच्या बोलीने पेटी देतात, हे विचारल्यावरच कळते. पुष्कळदा पाटीवर तसे लिहिलेले नसते. हिशेब सोपा आहे. समजा, पेटीची किंमत १५,००० रुपये आहे आणि भाडे महिन्यास ५०० रुपये. तीस महिन्यांत भाड्यातच किंमत जाईल, तेव्हा तितके दिवस भाडे भरणे शहाणपणाचे नाही. परंतु सहा महिन्यांचे ३,००० रुपये म्हणजे किमतीचा पाचवा हिस्सा; तेवढा देऊन जर चुकीची खरेदी टळत असेल, तर तो विम्याचा हप्ता समजावा. हे आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. आपल्या गावचे आकडे घालून आपण तो हिशेब करावा. पुढे तीच पेटी विकत घेतल्यास दिलेले भाडे किमतीतून वजा करणार काय, हे आरंभीच विचारावे. पुष्कळ दुकानदार काही अंशी तरी कबूल होतात.

बोलणी तोंडी ठेवू नयेत. पावतीवर पेटीचे वर्णन असावे, आधीच असलेले ओरखडे व दोष नोंदविलेले असावेत, अनामत किती आणि ती केव्हा परत मिळेल हे असावे, आणि सूर उतरला किंवा पट्टी अडकली तर दुरुस्ती कोणी करावयाची हेही असावे. भाड्याची पेटी आहे म्हणून वर सांगितलेली परीक्षा टाळू नये. बेसूर पेटी भाड्याची असली तरी कान तितकाच बिघडविते.

याहून एक स्वस्त मार्ग आहे, आणि तो आपण सहसा विसरतो. पुष्कळ घरांत माळ्यावर पेटी पडलेली असते. मुलगी सासरी गेली, मुलगा नोकरीनिमित्त बंगलोरला गेला, आणि पेटी चादरीत गुंडाळून राहिली. गुरुजींना विचारावे, आपले कोणते जुने विद्यार्थी आता गात नाहीत हे त्यांना पक्के ठाऊक असते. अशी पेटी उसनी मागताना भीड वाटते, म्हणून एक रीत सुचवितो: "दुरुस्ती आम्ही करून घेऊ आणि मागाल तेव्हा परत करू." बहुतेक घरांना आपली पेटी पुन्हा वाजत आहे याचाच आनंद असतो. परगावी राहणाऱ्या मराठी मंडळींनी तेथील महाराष्ट्र मंडळात चौकशी करावी. गणेशोत्सवाची पेटी वर्षातील अकरा महिने कपाटात असते.

आणि जेथे भाडेही जड, उसनेही शक्य नाही, तेथे वर्गातच अर्धा तास आधी जाऊन सराव करू द्यावा अशी गुरुजींना विनंती करावी. भजनी मंडळातील पेटीवर हात बसलेले वादक खेडोपाडी काही थोडे नाहीत. घरात पेटी नाही म्हणून मुलाचे गाणे थांबविण्याचे कारण नाही.

मुलाचा कल दुसऱ्या वाद्याकडे असेल तर थोडे निराळे विचार लागू पडतात. तबल्याच्या बाबतीत गुरुजींना प्रथम विचारावे, की कोणत्या स्वराचा तबला हवा; तोंड जितके लहान तितका स्वर उंच. तबल्याचे खोड शिसवीसारख्या भारी लाकडाचे असावे. डग्गा तांब्याचा उत्तम, पण आरंभी साध्या धातूचाही चालतो. पैसे वाचवावयाचे तर डग्ग्यावर वाचवावेत, पुडीवर वाचवू नयेत. शाई सारखी बसलेली हवी, तिच्यावर भेगांची खडी नको. तबला भाड्याने घेतल्यास पुडी फाटली तर खर्च कोणाचा, हे पावतीत आलेच पाहिजे. बासरी स्वस्त असते म्हणून जत्रेतून घेऊ नये. ती खेळणे असते. पन्नालाल घोष यांनी प्रचारात आणलेली लांब बासरी पाहून मुलास मोह पडतो, पण तिची भोके लहान बोटांच्या आटोक्यात नसतात. तेव्हा आखूड बासरीने आरंभ करावा. व्हायोलिन मात्र भाड्यानेच घ्यावे असे मी म्हणेन. बालुस्वामी दीक्षितरांच्या काळापासून ते दक्षिणेच्या संगीताचे अंग झाले आहे आणि तेथील घराघरांत मुले ते शिकतात. ते पाव, अर्धे, पाऊण आणि पूर्ण अशा मापांत मिळते. मूल वाढते तसे चपलांप्रमाणे माप बदलावे लागते.

तानपुरा किंवा सतार घेण्याची वेळ आलीच, तर शक्य झाल्यास एकदा मिरजेस जावे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातील फरीदसाहेब यांनी एकोणिसाव्या शतकात तेथे हा व्यवसाय आरंभिला आणि त्यांच्या वंशजांच्या गल्लीत आजही पंढरपूर-मंगळवेढ्याकडील भोपळे वाळत टांगलेले दिसतात. मिरजेच्या सतारीस आणि तानपुऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. विकत घ्यावयाचे नसले तरी मुलास ते पाहावयास न्यावे. भोपळ्यातून नाद कसा निघतो हे त्याला पुस्तकातून कळणार नाही. गाणे शिकणाऱ्या लहान मुलास मात्र आरंभी तानपुरा घेऊन देण्याची घाई नको. तो जुळविता येणे हीच एक विद्या आहे. विजेवर चालणारा तानपुरा तोवर काम भागवितो.

पेटी घरी आल्यावर तिची जागा स्वयंपाकघराच्या भिंतीलगत अथवा खिडकीखाली नसावी. पावसाळ्यात लाकूड फुगून पट्ट्या अडकतात. कोकणात, मलबारात आणि बंगालात राहणाऱ्यांना हे सांगावयास नकोच. अडकलेली पट्टी तेल सोडून मोकळी करण्याचा मोह आवरावा, कारण तेल लाकडात मुरते आणि धूळ धरून ठेवते. पट्टी न दाबता, किंवा खुंट्या बंद ठेवून, भाता जोराने मारू नये. आतला भाता फाटतो. लहान भावंडांचा हा आवडता खेळ असतो. वाजवून झाल्यावर भात्याची कडी लावावी आणि पेटी झाकून ठेवावी. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, ती कारागिराला दाखवावी.

आमच्या पेटीचे पुढे काय झाले ते सांगावयाचे राहिले. गुरुजींनीच एका वृद्ध कारागिराचा पत्ता दिला. त्यांनी झाकण काढले, तो सूर बाहेर घेतला आणि त्याखाली एक पातळ पाते सरकवून त्याच्या मोकळ्या टोकाकडे बारीक कानसीने दोन-तीन हात मारले. टोकाकडे घासले की सूर चढतो आणि मुळाकडे घासले की उतरतो, असे ते मुलीला समजावून सांगत होते. तिने विचारले, "म्हणजे हा पहिल्यापासूनच असा होता?" ते म्हणाले, "असेल बेटा, सूर बसवणाऱ्याचा हात त्या दिवशी थकला असेल." त्यांनी मजुरी घेतली ती दोन वेळच्या चहाएवढी. घरी आल्यावर मुलीने पेटी उघडली आणि बराच वेळ तो एकच मध्यम दाबून धरला. गावयास ती लागलीच बसली नाही. आठवडाभराने बसली, आणि तेव्हाही मध्यमापाशी येताना आवाज बारीक करण्याची तिची सवय जावयास आणखी वर्ष गेले.